स्वतःचा रेग्युलेटर: जोडणी, तपासणी आणि फुसफुशीचा अर्थ

स्कूबा डायव्हिंगमध्ये सिलिंडरमधली हवा श्वासाजोगती करून तोंडापर्यंत आणतो तो रेग्युलेटर. भाड्याने घेतलेला रेग्युलेटर कुणीतरी आधीच जोडून ठेवलेला असतो. आपण फक्त सिलिंडरवर चढवायचा आणि पाण्यात उतरायचं. स्वतःचा घेतला की खोक्यातून धातूचा एक जड गड्डा, दोन-तीन काळ्या नळ्या, एक पिवळी नळी, एक घड्याळासारखं गेज आणि रबरी टोप्या निघतात, आणि यातलं काय कुठे जायचं ते आता आपल्यालाच बघायचं असतं. दुकानदार जोडून देतो, नाही असं नाही. पण एकदा स्वतःच्या हाताने जोडणी केली की पुढे बोटीवर काही फुसफुसलं तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगतो. हा लेख डायव्हिंग शिकवत नाही. ते प्रशिक्षकाकडून शिकून, परवाना हातात घेऊनच इकडे या. आणि कामाची हद्द ठरलेली आहे. नळ्या, दातांत धरायचा माउथपीस, बाहेरून दिसणाऱ्या ओ-रिंग (सांधे हवाबंद करणाऱ्या रबरी कड्या), झाकणं हे सगळं तुमचं. फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा तो धातूचा गड्डा) आणि सेकंड स्टेज (तोंडाशी येणारा भाग) यांच्या पोटातलं काम त्या मॉडेलचं प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाचं. स्क्रू दिसतो म्हणून तो उघडायचा नसतो.

तीन दाब

भागांची नावं पाठ करण्यापेक्षा यंत्रात कुठे किती दाब असतो ते समजून घ्या. एकूण तीन दाब आहेत.

पहिला सिलिंडरचा. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार, काही सिलिंडरांत ३०० बारपर्यंत. हा दाब सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधून फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी येतो आणि तिथून एकाच नळीत तसाच्या तसा जातो: प्रेशर गेजच्या. दुसरा मधला दाब. फर्स्ट स्टेज तो २०० बारवरून खाली आणते, पण ठरावीक आकड्यावर नव्हे, तर भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त अशा पातळीवर. बाकीच्या सगळ्या नळ्यांत हाच दाब असतो. तिसरा दाब भोवतालचा. तो सेकंड स्टेजमध्ये, म्हणजे तुमच्या तोंडाशी.

‘भोवतालच्या दाबापेक्षा’ हे शब्द वाचकाने सहज ओलांडून जाऊ नयेत. पृष्ठभागावर हवेचा दाब १ बार, १० मीटर खोलीवर एकूण २ बार, ३० मीटरवर ४ बार. छातीवर ४ बारचा दाब असताना १ बारची हवा फुफ्फुसात ओढता येत नाही. म्हणून फर्स्ट स्टेजमध्ये एक बाजू पाण्याचा दाब ‘जाणणारी’ ठेवलेली असते. खोली वाढली की मधला दाबही तेवढाच वाढतो. कोरड्यावर मोजलेला मधला दाब ९.५ बार असेल, तर ३० मीटरवर त्यात ३ बारची भर आपोआप पडलेली असते.

सेकंड स्टेजचं काम बघायला सोपं आहे. समोरच्या झाकणाखाली एक लवचीक रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. तुम्ही श्वास घेता, आतली हवा कमी होते, पडदा आत दबतो, त्याखालची पट्टी दाबली जाते आणि एक छोटी झडप उघडते. श्वास थांबला की पडदा जागेवर, झडप बंद. झाकणावरचं पर्ज बटण दाबता तेव्हा तुम्ही हाच पडदा बोटाने दाबत असता, दुसरं काही नाही. सोडलेला श्वास खालच्या बाजूच्या पातळ रबरी एक्झॉस्ट झडपेतून बाहेर जातो.

हा पडदा भलता संवेदनशील असतो. काही सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका फरकही त्याला पुरतो. त्यातून एक गंमत कळते. ऑक्टोपस, म्हणजे साथीदारासाठीची जादा सेकंड स्टेज, माउथपीस वर करून पाण्यात सोडला की तो भसाभसा हवा ओकू लागतो. बिघाड नसतो. पडदा खाली, माउथपीस वर. पडद्यावर पाण्याचा दाब किंचित जास्त, म्हणून झडप उघडीच राहते. उलटा करून माउथपीस खाली केलात की गप्प. त्याच कारणाने पोहताना तोंड खाली असलं की श्वास सहज येतो आणि पाठीवर झोपून वर बघितलं की थोडा ओढून घ्यावा लागतो.

दोन टप्पे दोन ठिकाणी असण्याची ही रचना सुरुवातीपासूनची नाही. जाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये आपला ‘अ‍ॅक्वा-लंग’ बनवला तेव्हा सगळी यंत्रणा पाठीवर होती आणि तोंडाकडे दोन जाड नळ्या यायच्या. गान्यांच्या मूळ झडपेचा जन्म तर युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे गॅसवर गाड्या चालवण्यासाठी झाला होता. एका बारीक नळीने तोंडापाशी दुसरा टप्पा आणण्याची सोय ऑस्ट्रेलियाच्या टेड एल्ड्रेड यांच्या ‘पॉरपॉइज’ने १९५२ मध्ये बाजारात आणली. आज आपण जोडतो ते त्याच घराण्यातलं.

घेताना काय बघायचं

इथे फार वेळ घालवू नका. युरोपीय ईएन २५० मानकाची चाचणी ५० मीटर खोलीवर, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढून, सिलिंडरमध्ये ५० बारच शिल्लक धरून केली जाते. त्यात पास झालेला रेग्युलेटर सुट्टीतल्या डायव्हरला पुरून उरतो. जाहिरातीतले बाकीचे गोडवे सोडून द्या.

खरे प्रश्न दोनच. पहिला, बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड? साध्या अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये सिलिंडर रिकामा होत जातो तसा मधला दाब थोडा घसरतो आणि डायव्हच्या शेवटी श्वास जड वाटतो. बॅलन्स्डमध्ये असं होत नाही. पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षा गार असेल तर थंड पाण्यासाठी मान्यता असलेला, बाहेरून सीलबंद फर्स्ट स्टेजचाच घ्या. हवा प्रसरण पावताना इतकी थंड होते की आतलं पाणी गोठून झडप उघडी अडकू शकते.

दुसरा प्रश्न, योक की डिन? योकमध्ये शिकंजा सिलिंडरच्या व्हॉल्व्हवरून टाकून मागून स्क्रूने आवळतात. डिनमध्ये रेग्युलेटर आट्यांवर व्हॉल्व्हच्या आत फिरवून बसवतात. योक २३२ बारपर्यंत. ३०० बारसाठी डिनच. डिनमध्येही दोन लांब्या आहेत: ३०० बारचा रेग्युलेटर २३२ च्या व्हॉल्व्हवर बसतो, पण उलट केलं तर तो आत पोचतच नाही आणि सील होत नाही. एक फरक रोजच्या कामाचा आहे. योकमध्ये सील करणारी ओ-रिंग सिलिंडरवर असते, म्हणजे तिची अवस्था दर वेळी नव्याने तपासावी लागते. डिनमध्ये ती तुमच्या रेग्युलेटरवर असते, तुमच्याच देखभालीत. माझं मत डिनच्या बाजूने आहे. सोबत योकचा अडॅप्टर ठेवला की बहुतेक ठिकाणी काम भागतं.

टेबलावरची जोडणी

साहित्य: गुळगुळीत तोंडाचे दोन ओपन पाने (एक चालत नाही, कारण पुढे येतंय), एलन की, थोडं सिलिकॉन ग्रीस, उजेड आणि स्वच्छ कापड. पक्कड घरातच राहू द्या. ती क्रोम खरवडते आणि षटकोन गोल करते.

पायरी १. फर्स्ट स्टेज हातात घेऊन पोर्ट, म्हणजे नळ्या बसवायची छिद्रं, ओळखा. एक किंवा दोन पोर्टांवर ‘एचपी’ (हाय प्रेशर) कोरलेलं असतं. तिथे २०० बार. बाकीची एलपी, म्हणजे लो प्रेशरची, मधल्या दाबाची. आजच्या उपकरणांत एचपीचे आटे ७/१६ इंच आणि एलपीचे बहुधा ३/८ इंच असतात. म्हणजे गेजची नळी एलपीत जाणारच नाही आणि एलपीची नळी एचपीत सैल पडेल. सैल पडली की थांबा. मधल्या दाबासाठी बनलेली नळी २०० बारला फुटू शकते. जुन्या, हातातून हातात आलेल्या उपकरणांत दोन्हीकडे सारखेच आटे सापडतात. तिथे कोरलेली अक्षरं वाचल्याशिवाय काही बसवू नका.

पायरी २. नळ्या मनात मांडा. कल्पना करा की सिलिंडर तुमच्या पाठीवर आहे आणि फर्स्ट स्टेज मानेमागे. उजव्या खांद्यावरून मुख्य सेकंड स्टेज येते, तिची नळी साधारण ७०-७५ सेंटिमीटर. ऑक्टोपसही उजवीकडून, पण नळी मीटरभर, कारण ती साथीदाराला द्यायची असते. डावीकडून बीसीडीत (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जाकिटात) हवा भरणारी नळी आणि गेजची नळी. प्रत्येक नळी पोर्टातून निघताच जिथे जायचं तिकडेच वळलेली हवी. निघून लगेच काटकोनात मुरडत असेल तर पोर्ट बदला.

पायरी ३. हव्या त्या पोर्टाची टोपी एलन कीने काढा आणि जपून ठेवा. नळीच्या टोकाची ओ-रिंग नखाखाली फिरवून बघा: चीर, चपटेपणा, वाळूचा कण. ठीक असेल तर ग्रीसचा नुसता हात फिरवा, चकाकी दिसेल एवढाच. ग्रीस सील करत नाही, ओ-रिंग करते. थापलेलं ग्रीस फक्त वाळू धरून ठेवतं.

पायरी ४. नळी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. आटे अडकले तर मागे घेऊन पुन्हा लावा. बोटांनी टेकली की पान्याने अगदी थोडं आवळा. नवखे इथेच जोर लावतात. नळी जोराने सील होत नाही. जास्त आवळलेली नळी पुढच्या सर्व्हिसला निघत नाही, आणि पितळेचे आटे खराब झाले तर फर्स्ट स्टेजच बाद.

पायरी ५. सेकंड स्टेजच्या टोकाला दोन पाने लागतात. एकाने सेकंड स्टेजच्या तोंडाचा षटकोन धरून ठेवायचा, दुसऱ्याने नळीची नट फिरवायची. एकाच पान्याने केलं तर आतली नळकांडी फिरते, झडपेची जुळणी बिघडते, आणि मग ‘नवीन रेग्युलेटर गळतोय’ अशी तक्रार सुरू होते.

पायरी ६. गेजच्या टोकाला आत एक बारीक दांडी असते, तिला दोन्ही बाजूंना मोहरीएवढ्या दोन ओ-रिंग. गेज फिरतं ते याच दांडीवर. हा भाग सुटा आला असेल तर दांडी आधी नळीत बसवा, मग गेज.

पायरी ७. माउथपीसची प्लॅस्टिक पट्टी ओढून बघा. ती सैल असली की खोलवर माउथपीस दातांत राहतो आणि सेकंड स्टेज निघून जाते. कापलेल्या पट्टीचं टोक ओठाला लागणार नाही अशा बाजूला ठेवा.

वायरलेस ट्रान्समीटर लावणार असाल तर तो एचपी पोर्टात जातो. तो पकडायला दांडा वाटतो, म्हणून बोटीवरची मदतनीस मंडळी त्यालाच धरून सिलिंडर उचलतात. आधीच सांगून ठेवा.

सिलिंडरवर चढवणं

आधी कोरडी चाचणी. फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण घट्ट बसवून, हवा न जोडता प्रत्येक सेकंड स्टेजमधून हलका श्वास ओढा. हवा यायलाच नको. जीभ माउथपीसला चिकटून राहायला हवी. हवा आली तर माउथपीसला भोक, डायफ्रॅम सरकलेला किंवा एक्झॉस्ट झडपेत केस-वाळू. हेच छिद्र पाण्याखाली तोंडात पाणी आणतं. अर्ध्या मिनिटाची ही चाचणी बहुतेक जण करत नाहीत, त्याचं मला आश्चर्य वाटतं.

मग सिलिंडरच्या व्हॉल्व्हवरची ओ-रिंग बघा, व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडातलं पाणी-धूळ उडवून द्या, आणि फर्स्ट स्टेज बसवा. मुख्य सेकंड स्टेज उजवीकडे आली का बघा. उलटी बसवण्याचा प्रकार रोज कुठे ना कुठे होतो. योकचा स्क्रू किंवा डिनचं चाक हातानेच आवळा, हलकं. दाब आला की तेच घट्ट होतं.

गेज शून्यावर आहे ना? नसेल तर ते पुढेही तेवढंच खोटं बोलेल. गेजची काच स्वतःपासून आणि इतरांपासून दूर वळवा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा. काटा चढताना आवाज ऐका. मग पूर्ण उघडा. ‘पूर्ण उघडून पाव फेरा मागे’ ही जुनी शिकवण अजून ऐकू येते. तिचा धोका असा की बंद व्हॉल्व्ह ‘पाव फेरा’ उघडलेलाही हाताला तसाच लागतो. किनाऱ्यावर त्यातून श्वास व्यवस्थित येतो. २० मीटरवर एका श्वासाला तिप्पट हवा लागते आणि तेवढी त्या फटीतून येत नाही.

म्हणून पुढची चाचणी कधी सोडू नका. गेजकडे बघत मुख्य सेकंड स्टेजमधून चार मोठे श्वास घ्या. काटा स्थिर हवा. श्वासागणिक खाली झुकून पुन्हा वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. हेच ऑक्टोपसवर करा. बीसीडीचं बटण दाबून हवा येते आणि सोडल्यावर थांबते हे बघा. नंतर व्हॉल्व्ह बंद करून काटा जागेवर राहतो का ते पाच मिनिटं पाहा. घसरत असेल तर कुठेतरी गळती आहे. तपासून झालं की व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडायला विसरू नका. नळ्यांत उरलेल्या हवेवर दोन-तीन श्वास येतात, मग काहीच येत नाही.

फुसफुस कुठून येते

आता ते तीन दाब कामाला येतात. आवाज कुठला आहे हे कळलं की दाब कळतो, आणि दाब कळला की दोष कुठे ते कळतं.

सिलिंडर आणि फर्स्ट स्टेजच्या सांध्यातून जोरात हवा आली तर ओ-रिंग. व्हॉल्व्ह बंद, पर्ज दाबून दाब काढा, ओ-रिंग बदला. गेजजवळ बारीक बुडबुड्यांची माळ दिसली तर त्या मोहरीएवढ्या ओ-रिंगपैकी एक गेली. इथे एक आश्वासन: एचपी नळीच्या सुरुवातीला मुद्दाम अगदी सूक्ष्म छिद्र ठेवलेलं असतं, त्यामुळे ती फुटली तरी आवाज मोठा आणि हवा तुलनेने हळू जाते. मधल्या दाबाची नळी फुटली तर सिलिंडर खरोखर झपाट्याने रिकामा होतो. दोन्ही वेळी डायव्ह संपवायचाच, पण घाई कुठे किती ते माहीत असावं.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडताच एकच सेकंड स्टेज फुसफुसत असेल, तर आधी तिच्यावरची पट्टी आणि श्वास हलका-जड करणारं गोल बटण बघा. ‘डाइव्ह’ आणि ‘प्री-डाइव्ह’ अशी खूण असलेली पट्टी आतल्या हवेच्या झोताची दिशा बदलते; पाण्याबाहेर ती ‘प्री-डाइव्ह’वर ठेवायची. तरीही थांबत नसेल तर त्या स्टेजची सीट (झडप बंद होताना जिथे टेकते तो भाग) किंवा जुळणी.

सुरुवातीला शांत आणि दोन-चार मिनिटांनी टिकटिक करत गळू लागली, तेही कधी ही कधी ती, तर संशय फर्स्ट स्टेजवर. तिची सीट झिजली की सिलिंडरचा दाब हळूहळू पलीकडे झिरपतो आणि मधला दाब चढत जातो. सेकंड स्टेजची झडप जादा दाबाने आपोआप उघडेल अशीच बनवलेली असते, म्हणून ती तिथून हवा सोडते. गळते सेकंड स्टेज, दोष असतो फर्स्ट स्टेजचा. बीसीडीच्या नळीला लावायचं मधल्या दाबाचं छोटं गेज मिळतं. काटा एका आकड्यावर थांबला तर ठीक, रांगत वर गेला तर तंत्रज्ञाकडे. हे गेज स्वस्त असतं आणि माझ्या मते पहिल्या वर्षात घेण्यासारखं हेच एक जादा साधन.

नळी काढायची-लावायची ती नेहमी दाब पूर्ण काढूनच. गळणाऱ्या सांध्याला दाबाखाली पाना लावू नका.

पाण्यात उतरल्यावर पहिल्या दोन-तीन मीटरवर थांबा आणि साथीदाराला पाठीमागे बघायला सांगा. कोरड्यावर न ऐकू आलेली गळती इथे बुडबुड्यांनी दिसते.

डायव्हनंतर

फर्स्ट स्टेजचं झाकण लावण्याआधी ते आतून कोरडं करा, कापडाने. सिलिंडरच्या झोताने झाकण सुकवताना हवा फर्स्ट स्टेजच्या तोंडात मारू नका. पाणी आत ढकललं जातं. गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं असेल तर सर्वांत चांगलं म्हणजे सिलिंडरला जोडून, दाबाखाली. ते जमत नसेल तर झाकण घट्ट लावून, आणि पाण्यात असताना पर्ज बटणाला हात लावू नका: दाब नसताना पर्ज दाबलं की झडप उघडते आणि पाणी नळीतून उलटं फर्स्ट स्टेजकडे जातं. आतल्या हिरव्या गंजाचं मूळ बऱ्याचदा हेच असतं.

सावलीत, नळ्यांना सैल वळण देऊन वाळवा. रबरी नळ्यांच्या धातूच्या टोकाजवळ वाकवून भेगा बघा. विणलेल्या बाह्य आवरणाच्या नळ्या मऊ आणि हलक्या असतात, पण आतला थर खराब झाला तरी बाहेरून दिसत नाही. त्यांना निर्मात्याने दिलेली मुदत पाळा.

सर्व्हिस कधी हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं, साधारण वर्ष-दोन वर्षं किंवा १०० डायव्ह, जे आधी येईल ते. न वापरता कपाटात ठेवलेल्या रेग्युलेटरचीही रबरं म्हातारी होतात. नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा) वापरणार असाल तर सर्व्हिसला देताना सांगा. ४० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजनसाठी वेगळी सफाई आणि वेगळं ग्रीस लागतं. परत आल्यावर वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा आणि पहिला डायव्ह उथळ पाण्यात ठेवा. ताजी सर्व्हिस झालेली सीट नीट बसायला थोडा वेळ घेते, आणि कुणाच्या हातून एखादी ओ-रिंग राहिली असेल तर ती पाच मीटरवर कळलेली बरी.